नाताळ हा वाट पाहण्याचाही सण आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी एक खास पान निघते आणि मी ते दरवर्षी आवडीने वाचते. केकची कृती, गोव्यातील दोदोल आणि बिबिंका, पुण्यातील कॅम्प भागातली रोषणाई, लाल टोपी घातलेला नाताळबाबा आणि त्याच्याभोवती जमलेली मुले असा मजकूर त्यात असतो. हे सारे आनंदाचे आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्याविषयी त्या पानावर फार तर दोन ओळी असतात, आणि तो पुन्हा येणार आहे या आमच्या श्रद्धेविषयी तर एक शब्दही नसतो. यात दोष वृत्तपत्राचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण आम्ही ख्रिस्ती माणसांनीच ही गोष्ट मोठ्याने सांगणे सोडून दिले आहे. मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि तितकीच वर्षे आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेत मुलांना पवित्र शास्त्राचे (बायबलचे) धडे दिले. त्या अधिकाराने नव्हे, पण त्या सवयीने हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीपेक्षा लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांना आमच्याकडे आगमनकाळ म्हणतात. उपासनेच्या दृष्टीने आमचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होते. नव्या माणसाला नवल वाटेल अशी गोष्ट ही की, त्या पहिल्या रविवारी अनेक मंडळ्यांत जो शास्त्रपाठ वाचला जातो त्यात ना बेथलेहेम असते, ना तारा, ना मेंढपाळ. त्यात प्रभू येशू आपल्या शिष्यांना सांगतो, ‘जागे राहा, कारण तुमचा धनी कधी येईल हे तुम्हांला ठाऊक नाही.’ म्हणजे बाळाच्या जन्माची तयारी सुरू करताना मंडळी आधी त्याच्या पुन्हा येण्याकडे पाहते, आणि तिथून मागे वळून गव्हाणीपाशी पोहोचते. चौथ्या शतकात जेरुसलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवताना हीच गोष्ट समोरासमोर ठेवत असे: पहिल्या आगमनात तो बाळंत्यात गुंडाळलेला होता, दुसऱ्यात तो प्रकाश पांघरून येईल. ३८१ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी ज्याचे नाव जोडले जाते आणि जगभरच्या मंडळ्या आजही जो म्हणतात, त्या निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे आमच्या श्रद्धेच्या कबुलीत, ख्रिस्ताच्या जन्माचे वाक्य आहे, तसेच जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करण्यास तो पुन्हा गौरवाने येईल हेही वाक्य आहे. दोन्ही आम्ही एकाच दमात म्हणतो.

आधी पहिल्या आगमनाविषयी. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, मराठी भाषांतरात तीन शब्द आहेत आणि ते ज्या कोणी योजले असतील त्यांचे मराठी भाषेवर उपकार आहेत, असे मला नेहमी वाटते. बाळंते, गव्हाणी आणि उतारशाळा. मरीयेने आपल्या प्रथमपुत्राला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. आमच्या भागातील पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना या वाक्यावर प्रवचन ऐकण्याची गरज पडली नसेल. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरला आले आणि पुढच्या काही दशकांत जी माणसे या श्रद्धेकडे वळली, त्यांतील फार मोठा भाग महार आणि मांग समाजातील होता. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागत होते आणि गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांना ‘जागा नव्हती’ या दोन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. देव ज्या दाराबाहेर जन्मला ते दार त्यांच्या ओळखीचे होते. जन्मानंतर मंदिरात अर्पण करायला मरीया आणि योसेफ यांनी काय नेले हेही लूकने नोंदवले आहे. मोशेच्या नियमाप्रमाणे कोकरू द्यायचे असे; ज्यांची ऐपत नसेल त्यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले द्यायची. त्यांनी पाखरे नेली. आकाश आणि पृथ्वी ज्याने निर्माण केली असे आम्ही मानतो, तो एका गरीब घरात लेकरू होऊन आला आणि त्याच्या आईवडिलांना कोकराचे पैसे परवडत नव्हते, हा आमच्या नाताळाचा अर्थ आहे. त्यालाच आम्ही देहधारण म्हणतो. देवाने दुरून निरोप पाठवला नाही, तो स्वतः आला आणि आपल्यात राहिला.

चार वर्षांपूर्वी या वाक्याने मला पुन्हा नव्याने धरले, ती हकिगत सांगते. आमच्या राहुरी परिसरात नाताळाचे दिवस म्हणजे गळिताच्या ऐन हंगामाचे दिवस. रस्त्याने उसाच्या गाड्या रात्रंदिवस चाललेल्या असतात आणि कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात. आमच्या मंडळीतील तरुण मुले-मुली नाताळाच्या आधी घरोघर गाणी म्हणत जातात. त्या वर्षी एका मुलीने सुचवले म्हणून आम्ही ढोलकी, टाळ आणि कंदील घेऊन तळावर गेलो. थंडी कडाक्याची होती. पाचटाच्या एका कोपीपुढे बैल बांधलेले होते आणि त्यांच्यापुढे वाढ्यांचा ढीग होता. कोपीत आठ दिवसांची बाळंतीण बसली होती. ती बीडकडची होती; फडात ऊस तोडतानाच तिला कळा सुरू झाल्या होत्या. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले होते आणि पाचटावर गोधडी टाकून, बैलांकडच्या बाजूला वारा लागू नये म्हणून वाढ्यांच्या पेंढ्या रचून, त्या आडोशाला निजवलेले होते. मुले गाता गाता गप्प झाली.

गाणे संपल्यावर त्या बाईने विचारले, “कुणाचं लेकरू जन्मलं म्हणून गाताय एवढं?” मी तिला बेथलेहेमची गोष्ट सांगितली: शिरगणतीसाठी करावा लागलेला प्रवास, दिवस भरलेली मरीया, उतारशाळेत न मिळालेली जागा, गव्हाण. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग बाळंतिणीला कुणी काही दिलं का न्हाई?”

इतकी वर्षे हा धडा शिकवला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी, सोने, ऊद आणि गंधरस आणल्याचे मत्तय सांगतो, पण ते पुढचे. त्या रात्री तिथे जे आले ते मेंढपाळ होते, आणि त्यांनी काही आणल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंडळीतील तिघी-चौघी जणी डिंक, खारीक, खोबरे, तूप आणि एक उबदार दुपटे घेऊन तळावर गेल्या. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या बाईच्या प्रश्नाचा संबंध पुढे ज्याविषयी लिहायचे आहे त्याच्याशी आहे, म्हणून सांगते.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी आपण बोलू लागलो की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, हे जगाच्या अंताचे भीतीदायक भाकीत आहे. आणि दोन, दोन हजार वर्षे झाली तरी जो आला नाही तो आता कशाला येतो. या दोन्हींना प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे.

भीतीचा मुद्दा आधी घेते. तो न्याय करायला येणार, असे आम्ही म्हणतो आणि ‘न्याय’ हा शब्द ऐकून माणसे घाबरतात. परंतु न्यायाची भीती कोणाला वाटते आणि वाट कोण पाहते, याचा विचार करावा. ज्याची जमीन लाटली गेली, ज्याच्या मजुरीतून मुकादमाने उचलीच्या नावाखाली मनमानी कपात केली, ज्या मुलीच्या तक्रारीचा कागद कोणी पुढे सरकवला नाही, त्यांना ‘निकाल लागणार आहे’ हे वाक्य धमकी वाटत नाही. स्तोत्रसंहितेतील ९८ वे स्तोत्र पाहावे. परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येत आहे म्हणून तिथे नद्या टाळ्या वाजवतात आणि डोंगर मिळून हर्षाने गातात. इंग्लंडच्या आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये याच स्तोत्रावरून एक गीत रचले. ‘जॉय टू द वर्ल्ड’ या नावाने ते आज जगभर नाताळात गायले जाते आणि डिसेंबरात दुकानांतूनही त्याची धून ऐकू येते. त्या गीतात गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, ताराही नाही. ते मुळात राजा येत आहे आणि पृथ्वीने त्याचे स्वागत करावे याविषयीचे गीत आहे. आपण ते जन्माचे गाणे म्हणून गातो हेही चुकीचे नाही, कारण जो गव्हाणीत निजला होता तोच हा राजा आहे, आणि न्यायासनावर कोण बसणार हे आम्हांला आधीपासून ठाऊक आहे. ज्याने स्वतः उपाशीपण, परागंदा होणे, खोटा खटला आणि मरण पाहिले, त्याच्या हाती न्याय असेल. आमच्या आशेला भीतीपासून वेगळे करणारी गोष्ट हीच आहे.

या बाबतीत आमच्याच लोकांचे काही चुकते, तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. दर थोड्या वर्षांनी कोणी तरी तारीख सांगतो. हल्ली ती मोबाइलवर संदेशांतून येते. कुठे युद्ध झाले, भूकंप झाला, ग्रहण लागले की त्याचे आकडे मांडून ‘आता उरले इतके दिवस’ असे सांगितले जाते आणि साधी माणसे, विशेषतः आजारी आणि एकटी माणसे, त्याने हादरून जातात. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहत होते. काहींनी शेतातले पीकही काढले नव्हते. तो दिवस उजाडला आणि मावळला. अलीकडे २१ मे २०११ ही तारीख तिकडच्याच एका रेडिओ उपदेशकाने जगभर गाजवली आणि तीही तशीच गेली. खुद्द प्रभू येशूने सांगितले आहे की, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, स्वर्गातील दूतांनाही नाही. ज्याला तारीख सांगायची आहे त्याने हे वचन आधी खोडून दाखवावे. माझी आपल्या सर्व पाळकांना आणि उपदेशकांना हात जोडून विनंती आहे की, व्यासपीठावरून भीती पसरवू नये. भीतीने माणसे जमतात खरी, पण पुढे आठवडाभर त्यांच्या घरात झोप राहत नाही.

आता उशिराचा मुद्दा. पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांनाही हा प्रश्न विचारला गेला होता आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात त्याचे उत्तर आहे: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे, आणि ज्याला लोक उशीर म्हणतात ती त्याची सहनशीलता आहे, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. हे उत्तर सर्वांना पटेल असे मी धरून चालत नाही. परंतु वाट पाहणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो, असा जो समज आहे तो मात्र शास्त्राला धरून नाही. थेस्सलनीका या ग्रीक शहरातील काही विश्वासणाऱ्यांनी प्रभू आता येणारच म्हणून कामधंदा सोडून दिला होता. प्रेषित पौलाने त्यांना कडक शब्दांत लिहिले की, ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये.

या बाबतीत महाराष्ट्राला दूरचे उदाहरण शोधायला नको. पंडिता रमाबाई ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहणाऱ्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून भुकेने खंगलेल्या मुली आणि बालविधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे केले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला आणि त्यात मुलींनी खिळे जुळवले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सारे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्यापूर्वी ते काम पुरे केले. येणाऱ्याची वाट अशीही पाहता येते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो राजा न्यायाच्या दिवशी विचारील ते प्रश्न आधीच सांगून ठेवले आहेत: मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलेत का, परका होतो तेव्हा घरात घेतलेत का, उघडा होतो तेव्हा वस्त्र दिलेत का. कोपीतल्या त्या बाईने मला जे विचारले त्यापेक्षा हे प्रश्न फार वेगळे नाहीत. पहिल्या आगमनाच्या रात्रीबद्दल तिने विचारले आणि दुसऱ्या आगमनाचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

वाट पाहणे म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकले नाही, माझ्या आजीकडून शिकले. ती निरक्षर होती. पवित्र शास्त्र तिने ऐकून ऐकून पाठ केले होते. आमच्याकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा सगळा फराळ होतो. दाराशी कागदी तारा लागतो आणि पहाटेच्या उपासनेला सारे नवे कपडे घालून निघतात. चोवीस तारखेच्या रात्री सगळी निजली की आजी ओट्यावर एक कंदील वात बारीक करून ठेवत असे. लहानपणी मी तिला विचारले की बाळ तर जन्मले, आता हा कंदील कोणासाठी. ती म्हणाली, “अगं, मुराळी यायचाय माझा.” सासरी नांदणाऱ्या लेकीला दिवाळीला न्यायला तिचा भाऊ येतो, तो मुराळी. तो कोणत्या दिवशी येईल ते सांगून येत नसे. ती लेक मात्र घरातले सगळे काम उरकत असे, दळण दळत असे, गुरांना वैरण घालत असे, आणि कान वाटेकडे असत. आजीचा एक मुलगा, म्हणजे माझा काका, विहिरीच्या कामावर असताना दरड कोसळून गेला होता. त्याला जिथे पुरले त्या मिशनच्या कबरस्तानात ती आगमनकाळात जाई, गवत उपटून चुना लावी आणि परतताना त्याच्याशी बोलावे तसे म्हणे, “येतोय बरं का तो. उठवील तुला.” पुनरागमनाची आशा ही आमच्यासारख्या घरांत मुळात अशी, मातीच्या ढिगाऱ्याजवळ उभी राहून बोललेली आहे. ज्यांनी आपले माणूस पुरले आहे, त्यांना ती आशा कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही.

पहिल्या मंडळीजवळ एक लहानशी प्रार्थना होती, ‘माराना था’, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’. पौलाने आपले पत्र ग्रीकमध्ये लिहिले, पण हे शब्द येशूच्या स्वतःच्या अरामी भाषेतच राहू दिले. आपण ‘आमेन’ राहू दिले तसे. पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पानावर, प्रकटीकरणाच्या अखेरीस, हीच हाक आहे. जी प्रार्थना आमची लहान मुलेसुद्धा रोज म्हणतात तिच्यात ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द आहेत. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर मोडताना आम्ही त्याच्या मरणाची घोषणा करतो ती ‘तो येईपर्यंत’. इतके सगळे असताना नाताळ पंचवीस तारखेच्या दुपारी जेवणाबरोबर संपतो याचे मला वाईट वाटते. नोव्हेंबरातच तारे लागतात, डिसेंबरभर कार्यक्रम आणि स्पर्धा चालतात, आणि आगमनकाळाचे चार रविवार, जे शांतपणे वाट पाहण्यासाठी ठेवलेले आहेत, ते त्या गडबडीत कधी गेले ते कळतही नाही. खर्चावर टीका करणे हा माझा हेतू नाही. गरिबानेही सणाला घर सजवावे. पण ज्याच्यासाठी सजवले तो पुन्हा यायचा आहे, ही गोष्ट त्या सजावटीत कोठे तरी दिसावी.

म्हणून दोन विनंत्या करते. आपल्या वृत्तपत्राने यंदाच्या नाताळाच्या पानावर केकच्या कृतीशेजारी थोडी जागा या अर्थालाही द्यावी. एखाद्या पाळकाकडून, एखाद्या फादरांकडून किंवा मंडळीतल्या एखाद्या वृद्ध बाईकडून तो लिहून घ्यावा. आणि आमच्या मंडळ्यांनी नाताळाची गाणी आपल्याच घरांपुरती ठेवू नयेत. आम्ही यंदाही तेवीस तारखेला संध्याकाळी सात वाजता तळावर जाणार आहोत. बीडकडची ती टोळी पुन्हा याच कारखान्यावर आली आहे आणि पाचटावर निजलेला तो मुलगा आता कोप्यांमधून पळत असतो. या खेपेस फराळाचे डबे, स्वेटर आणि डिंकाचे लाडू आधीच बांधून ठेवले आहेत, कारण तळावर आणखी दोघी जणी दिवसांत आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. राहुरी, जि. अहिल्यानगर